वर डाळ उशिरा शिजते

मंडळाच्या पोरींनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून माझा पिच्छाच पुरवला. त्यांचं म्हणणं, मावशी, तुम्ही इतकी वर्षं चारधामच्या बसबरोबर गेलात, हिमालयाचं वर्णन लिहा. आता काय सांगू बाई! मी हिमालय पाहिला तो पातेल्याच्या वाफेतून. लोक बर्फाकडे बघून हात जोडायचे तेव्हा मी स्टोव्हला पंप मारत असायची. शिखरांची नावं मला विचारू नका, ताटांचं विचारा. भरल्या पंगतीत कुणी किती खाल्लं आणि कुणी किती टाकलं, हे मी नुसतं खरकटं बघून सांगायची. माझं सगळं शिक्षण तेवढंच.

मी अमळनेरकडची. लग्न होऊन सुरतेत उधन्याला आले आणि घरातच खानावळ काढली. कापडाच्या लूमच्या खात्यांत, म्हणजे कारखान्यांत, राबणारी आपल्याकडची पोरं जेवायला यायची. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला काय लागतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नव्वद साल उलटल्यावर यात्रेच्या बसवाल्या शेठनी मला विचारलं. शेठ गुजराती, पण गिऱ्हाईक सगळं खानदेशी. त्यांचा स्वयंपाकी गोडाची डाळ करायचा आणि लोक ती बघून तोंड वाकडं करायचे. शेठ म्हणाले, "बेन, तमारा माणसोने तमारी ज रसोई जोईए." तुमच्या माणसांना तुमचाच स्वयंपाक हवा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, येते, पण तिखट माझ्या हाताने पडेल. तेव्हापासून उन्हाळा आला की मी बसच्या टपावर पातेली चढवायची, ती गुडघे बोलायला लागेपर्यंत.

बाहेरच्यांना वाटतं, स्वयंपाक तो स्वयंपाक, इथे काय आणि तिथे काय. तसं नाही. सुरत समुद्राला लागून. आमच्याकडे उंच जागा म्हणजे उधन्याचा पूल, त्यावर सायकल चढवली तरी माणूस धापा टाकतो. इथे तूरडाळ कुकरच्या तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते. तीच डाळ बद्रीनाथला शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकच लागते. उघड्या पातेल्यात तर विचारूच नका. पाणी उकळ्या मारतं, पण त्या उकळीत दम नसतो. चहा गाळून सरळ तोंडाला लावा, जीभ तेवढी भाजत नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, वाण्यानं जुनी डाळ गळ्यात मारली. मी त्याला बसमधूनच शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, वर हवाच पातळ असते.

त्याच पहिल्या वर्षी आमच्याबरोबर एक निवृत्त गुरुजी होते. सडपातळ, शांत माणूस. गौरीकुंडला त्यांनी अर्धी पोळी टाकली, सकाळी पोहे तसेच ठेवले. मला वाटलं, गुरुजींना माझ्या हातचं रुचत नाही. दुसऱ्या दिवशी ते केदारनाथला चढले, डोकं धरून बसले आणि पहाटे गेले. सगळ्यांनी त्यांच्या बायकोला सांगितलं, भाग्यवान होते, केदारात मरण म्हणजे सोनं. ती बाई परतीच्या अख्ख्या वाटेवर त्यांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. तिला ते सोनं नको होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कुणी वाचलं नाही एवढंच.

परत येताना खालच्या एका दवाखान्यात आमच्या ड्रायव्हरचा हात दाखवायला थांबलो. तिथल्या डॉक्टरबाईंना मी गुरुजींचं सांगितलं. त्या पहाडातल्याच, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, वर प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी असतो. म्हणून शरीर आधी श्वास वाढवतं, काळीज जोरात पळवतं. मग लघवी जास्त होते आणि रक्त दाट होतं. थोडे दिवस राहिलं की रक्तातला लाल भाग वाढतो आणि माणूस रुळतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली की कुणाच्या छातीत पाणी भरतं, कुणाच्या मेंदूला सूज येते. आधी भूक मरते, डोकं दुखतं, ओकारी येते, मग तोल जातो. तरणा की म्हातारा हे ते बघत नाही, उलट तरणे जास्त सापडतात कारण ते धावत चढतात. औषध काय, विचारलं तर म्हणाल्या, खाली उतरवा, आणि लगेच उतरवा.

मला ते माझ्या भाषेत कळलं. माणूस आणि डाळ, दोघांनाही वर वेळ लागतो. मी हेच बसमध्ये सांगायला लागले. लोक हसायचे. हसा म्हटलं, पण ऐका. शेठची आणि माझी त्यावरून दरवर्षी जुंपायची. लूमच्या कारीगराला रजा मोजकी, त्यामुळे शेठ चारही धाम घाईत उरकायला बघायचे. खालच्या मुक्कामाला एक रात्र जास्त द्या म्हटलं की शेठ आभाळाकडे बघायचे.

बायकांचं वेगळंच. रस्त्यात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. ओठ सुकलेले, डोकं चढलेलं, आणि वर म्हणायच्या, मावशी, तुमच्या भाजीत तेल फार. मी बस थांबवायची, चार बायकांना उभं करून लुगड्यांचा पडदा धरायला लावायची आणि मगच पाण्याचा तांब्या फिरवायची. सगळ्यांचे तांबे मी पाहिलेत, सगळ्यांची ताटं मी पाहिलीत. कुणी न जेवता ताट सरकवलं की मी समोर जाऊन बसायची. त्यामुळे गुरुजींनंतर बरीच वर्षं आमच्या बसमधलं कुणी वर राहिलं नाही. पण एका वर्षी माझं हे ताटाचं शास्त्र पार आंधळं झालं, कारण त्या दिवशी सोमवार होता.

त्या वर्षी बसमध्ये उधन्याजवळच्या बमरोलीच्या सोनाबाई होत्या. साठीला टेकलेल्या, अंगानं काटकुळ्या, बोलणं सगळं अहिराणीत. नवरा दारूपायी गेलेला. गुजरातेत दारूबंदी आहे ती कागदावर, बमरोलीत कुठल्या बोळात काय मिळतं हे दूध घालणाऱ्यालाही ठाऊक असायचं. बापामागे मुलगाही त्याच वाटेला लागला. हिरामण त्याचं नाव. तिशीचा गडी, लूम चालवणारा, दंड असे की पाहत राहावं. सोनाबाईंनी केदारनाथाला नवस बोलला होता, पोरानं वर्षभर बाटलीला हात लावला नाही तर त्याला तुझ्या दारात आणते, त्याच्या हातानं तुझ्यावर पाणी घालते. आणि हिरामणनं ते वर्ष काढलं होतं. बसमध्ये चढताना बाईंनी मला हे स्वतः सांगितलं, माझा हात घट्ट धरून. सोबत त्यांचे दीर नामदेवभाऊ होते. माणूस वाईट नव्हता, पण पुतण्या सुधारला यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. ते हिरामणकडे सारखं पोलिसासारखं बघायचे.

गौरीकुंडहून पायी चढायचं तो नेमका सोमवार आला. महादेवाचा वार, आणि महादेवाच्याच दारात जायचं. अख्ख्या बसनं उपास धरला. काहींनी तर दर्शनापर्यंत पाणीही सोडलं. मी ओरडून सांगितलं, अरे बाबांनो, आज तरी खा, देव काही ताट मोजत नाही. नामदेवभाऊ म्हणाले, मावशी, तुम्ही तुमची भगर शिजवा, धर्माचं आम्ही बघू. भगर केली, ती अर्ध्यांनी घेतली नाही. ज्यांनी घेतली नाही त्यांतले भाविक कोण आणि आजारी कोण, हे मला कसं कळावं? हिरामणनं चहासुद्धा नको म्हटलं. मी विचारलं, डोकं दुखतं का रे? तो म्हणाला, उपास आहे ना मावशी, दुखणारच.

चढताना तो सगळ्यांच्या पुढे. पुढे जायचा, परत खाली यायचा, कुणाची पिशवी घ्यायचा, कुणा म्हातारीला हात द्यायचा आणि पुन्हा पळत वर जायचा. बारा तास उभं राहणारे पाय ते, त्यांना थांबायचं माहीतच नव्हतं. सोनाबाई मागून काठी टेकत, चार पावलं चालून थांबत, राम राम म्हणत चढत होत्या. लोक पोराचं कौतुक करायचे आणि आईच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं की मलाही बरं वाटलं. मी त्याला दोनदा हळू चाल म्हणून हटकलं. तो हसला फक्त.

आम्ही वर पोचलो तेव्हा देवळाचे दरवाजे दुपारचे बंद झाले होते. संध्याकाळी उघडणार होते. सोनाबाई पूजेचं ताट घेऊन रांगेत अगदी पुढे बसल्या. मी धर्मशाळेत सामान लावत होते तेवढ्यात बाहेर गलका झाला. बघते तर हिरामण दगडी फरशीवरून चालत येतोय, एक पाय इकडे, एक तिकडे. भिंतीला धडकला. कुणीतरी नाव विचारलं तर जीभ जड, शब्द ओठातच घोळतोय. मग कोपऱ्यात बसून ओकला, नुसतं हिरवं पाणी.

नामदेवभाऊंनी कपाळावर हात मारला. म्हणाले, याच्या बापाचंही असंच होतं, देवाच्या दारातसुद्धा राहवलं नाही. आणि बघता बघता सगळ्या बसचं एकमत झालं. कुणाला शंकासुद्धा आली नाही. आमच्या माणसांनी झिंगलेली माणसं जन्मभर पाहिलेली. त्या चालीचा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता. झिंगलेल्याचं काय करायचं हेही ठाऊक होतं. दोघांनी त्याला उचललं, आत आणून घोंगडीवर टाकलं, वर दोन रजया घातल्या. नामदेवभाऊ म्हणाले, पडू द्या, सकाळपर्यंत येईल शुद्धीवर. घरी नेहमी हेच करायचे ना.

मी रजई बाजूला केली. त्याचे ओठ जांभळे पडले होते. मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. दारूचा मागमूस नव्हता. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, हा प्यायलेला नाही, याला आत्ताच्या आत्ता खाली न्यायचंय. नामदेवभाऊ म्हणाले, मावशी, तुमचं मन मऊ आहे. दोन तासांनी दार उघडेल, तोवर झोपू द्या, महादेव बघून घेईल. उंबऱ्यापर्यंत येऊन दर्शनाशिवाय परत फिरणं बरं नाही. त्यांच्या बोलण्यावर माना डोलल्या. नवस त्यांच्या घरचा, पोरगा त्यांच्या घरचा, मी कोण? भाकऱ्या थापणारी बाई. म्हणून मी रांगेकडे गेले.

सोनाबाईंना बातमी आधीच कळली होती. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. पूजेचं ताट बाजूला सरकवलेलं, बेलाची पानं वाऱ्यानं उडत होती. मी शेजारी बसून सांगितलं, सोनाबाई, पोरानं घेतलेली नाही, त्याला ही वरची हवा लागलीय. त्यांनी पदरही बाजूला केला नाही. म्हणाल्या, "माय, असं माले समद्यास्नी सांगं. तीस वरीस सांगं." सगळ्यांनी मला हेच सांगितलं, तीस वर्षं सांगितलं. खरंच होतं ते. नवरा पिऊन आला की शेजारणी असंच म्हणायच्या, त्याला ऊन लागलंय, त्याला पित्त झालंय. बाईंनी इतक्या वेळा विश्वास ठेवला होता की आता शिल्लकच राहिला नव्हता. मी डॉक्टरबाईंचं सगळं सांगून पाहिलं, डाळीचंही सांगितलं. दगडावर पाणी.

मग मला राग आला. खोटं कशाला सांगू, देवळासमोर उभी राहून मी चिडले. त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः वास घ्या. तुमच्यापुढे कुणाला लपवता आलंय का आजवर?"

त्या उठल्या. धर्मशाळेत आल्या, लेकाजवळ गुडघ्यावर बसल्या. तीस वर्षं नवऱ्याचं आणि मग पोराचं तोंड हुंगून दार उघडणारी बाई ती, त्या बाबतीत तिच्यापुढे कुणाचं नाक चालणार? ती वाकली. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून कपाळाला कपाळ लावलं आणि तशीच राहिली.

"उपाशी तोंडना वास शे," त्या म्हणाल्या. "मना पोऱ्या उपाशी शे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आज लिहितानाही येतं.

पुढचं भराभर झालं. खेचरावर तो बसूच शकला नसता, म्हणून मी कंडीवाला गाठला. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, तिच्यात यात्रेकरूला बसवून नेपाळी माणसं चढ-उतार करतात. आमचा कंडीवाला हिरामणच्या खांद्याला लागेल एवढा. त्यानं हिरामणकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, पहाड लगा है, जल्दी करो. जे आमच्या अख्ख्या बसला कळलं नाही ते त्याला एका नजरेत कळलं, कारण तो तिथलाच होता आणि असे त्यानं किती उतरवले होते कोण जाणे. लूमवर दोन माणसांचं काम एकटा ओढणारा गडी टोपलीत लहान मुलासारखा पाय दुमडून बसला. मान एका बाजूला पडलेली.

मी सोनाबाईंना म्हटलं, तुम्ही थांबा, दर्शन घ्या, मी आहे याच्याबरोबर. नवस तरी फिटू दे. त्यांनी ऐकलं नाही. बंद दरवाजाकडे तोंड करून त्यांनी फरशीवर डोकं टेकलं, मान वर करून कळस पाहिला, ताटातलं बेलपान लेकाच्या खिशात खोचलं आणि त्या कंडीमागून चालायला लागल्या. वर येताना चार पावलांवर थांबणारी म्हातारी उतरताना एकदाही थांबली नाही. नामदेवभाऊ मागे राहिले. पोराचं दर्शन चुकलं तरी घराण्याचं चुकू नये, असं ते म्हणाले.

निम्म्या वाटेवर रामबाडा नावाची वस्ती होती. आता ती नाही, पुरात पार वाहून गेली. तिथे पोचेपर्यंत हिरामणच्या ओठांचा रंग बदलला होता. मध्ये एका वळणावर तो म्हणाला, आई, मला का बांधलंय? आम्ही दोघी रस्त्यातच हसलो आणि रडलो. रामबाड्याला चहावाल्याच्या चुलीशी त्याला बसवलं. दिवे लागणीची वेळ होती. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली आणि मला विचारलं, "मावशी, काही खायला आहे का?" आयुष्यात मला कुणी इतकं गोड काही विचारलेलं नाही. माझ्या पिशवीत सकाळची थंड भगर होती. सोनाबाईंनी स्वतःच्या हातानं ती त्याला भरवली. दुसऱ्या दिवशी त्याला गौरीकुंडला उतरवून डॉक्टरला दाखवलं. वाचला, आणखी रात्रभर वर राहता तर सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले.

खरी गंमत सुरतेला आल्यावर झाली. यात्रेहून परतलं की आपल्याकडे मावंदं घालतात, गंगाजळीची पूजा करून गोतावळा जेवू घालायचा. बमरोलीत कुजबुज सुरू झाली की सोनाबाईंना दर्शनच झालं नाही, मग मावंदं कसलं? काहींच्या डोक्यातून दारूचं अजून गेलं नव्हतं. बाकीचे जरा सज्जन, ते म्हणत होते, नसेल प्यायला, पण पाप आडवं आलं म्हणून तर देवानं दारातून परत पाठवलं. सोनाबाईंनी कुणाला विचारलं नाही. सरळ माझ्याकडे आल्या आणि वरण-बट्टी करशील का म्हणाल्या. मी म्हटलं, करशील काय विचारता, कधी येऊ ते सांगा.

त्यांच्या चाळीसमोरच्या गल्लीत मंडप घातला. तिखट वरण, तुपातली बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी. लोक मात्र आले. जेवणाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. पहिली पंगत बसली. हिरामण वाढत होता. पंगतीतल्या एका म्हाताऱ्या नातेवाइकानं मुद्दाम मोठ्यानं विषय काढला, सोनाबाई, पोराला देवानं परत पाठवलं म्हणे. नामदेवभाऊ पंगतीतच होते, त्यांनी मान खाली घातली. हिरामणच्या हातातलं वरणाचं भांडं तसंच राहिलं. आता पोरगं भांडं टाकून निघून जातंय, आणि कुठे जातंय, या विचारानं मी हातातली बट्टीची परात खाली ठेवली.

सोनाबाई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"देवनी मना पोऱ्याले परत धाडं, खरं शे," त्या म्हणाल्या. "बरंच व्हयनं. तो ज्याले ठेई लेस ना, तो परत येत नही."

आणि त्या म्हाताऱ्याच्या पानात त्यांनी तुपाची धार धरली. देव ज्याला ठेवून घेतो तो परत येत नाही, हे ऐकून मला गुरुजींच्या बायकोच्या मांडीवरचा स्वेटर आठवला. नामदेवभाऊंनी मान वर केली, सरकून शेजारी जागा केली आणि पुतण्याला म्हणाले, तू सकाळपासून वाढतोयस, बस आता. हिरामण बसला. मी स्वतः त्याला वाढलं. दोन बट्ट्या खाल्ल्या, तिसरी मागितली. उठला तेव्हा मी सवयीनं त्याच्या पत्रावळीकडे पाहिलं. पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती.